गुप्तचर प्रमुखाचं पुढे काय होतं?

इंटेलिजन्स ब्युरोचे संचालक तपन डेका यांना २०२५ मध्ये पुन्हा मुदतवाढ मिळाली, तेव्हा पुण्याच्या नातेवाइकांमधली चर्चा नेहमीच्या वळणाने गेली. माणूस कामाचा आहे, असं निम्म्यांचं म्हणणं. सरकारच्या मर्जीतला आहे, असं उरलेल्यांचं. 'आयबी मुळात कोणत्या कायद्याने चालते?' असं मी विचारलं, तर 'देशाच्या सुरक्षेचं राजकारण नको' म्हणून मला गप्प करण्यात आलं. मी कोलोनमध्ये राहतो. जर्मनीच्या अंतर्गत गुप्तचर खात्याचं मुख्यालय याच शहरात आहे आणि त्याच्या एका प्रमुखाची कारकीर्द इथे बसून पाहिली आहे. त्यामुळे गप्प बसणं जरा अवघड जातं.

हान्स-गेऑर्ग मासेन २०१२ मध्ये या खात्याचे अध्यक्ष झाले. सहा वर्षांनी केम्निट्झ शहरात एका तरुणाचा भोसकून खून झाला, आरोप निर्वासितांवर आला आणि रस्त्यावर उतरलेल्या जमावातले काही जण परदेशी दिसणाऱ्यांच्या मागे लागले. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. मासेन यांनी 'बिल्ड' या वृत्तपत्राला सांगितलं की तो खरा असल्याचा पुरावा नाही, उलट ती हेतुपुरस्सर दिशाभूल असावी. गहजब झाला. त्यावर युती सरकारने तोडगा काढला तो असा: मासेन यांना पदावरून हटवायचं आणि गृहखात्यात सचिव करायचं. म्हणजे बढती, वर महिन्याला सुमारे अडीच हजार युरो जास्त! आपल्याकडच्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. पुढचं मात्र वाटणार नाही. लोक इतके चिडले की आठवड्याच्या आत बढती मागे घ्यावी लागली आणि चॅन्सेलर मेर्केल यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. निरोपाच्या भाषणात मासेन यांनी सत्तेतल्या समाजवादी पक्षातल्या काहींना 'कट्टर डावे' ठरवल्यावर नोव्हेंबरात गृहमंत्र्यांनी त्यांना थेट घरीच बसवलं.

२०२१ मध्ये ते थुरिंगियातून संसदेसाठी उभे राहिले आणि पडले. २०२४ मध्ये कळलं की त्यांच्याच जुन्या खात्याने त्यांची उजव्या अतिरेकी विचारांबाबत नोंद ठेवली आहे. हे कळलं कसं? माझ्याबद्दल काय माहिती साठवली आहे, असं त्यांनी कायद्याने मिळालेल्या अधिकाराखाली विचारलं आणि खात्याने लेखी उत्तर दिलं.

'पाहा, जर्मनी किती पुढारलेला' असं म्हणण्यात अर्थ नाही. नवनाझींच्या एका टोळीने २००० ते २००७ या काळात दहा खून केले, त्यातले नऊ जण तुर्की आणि ग्रीक वंशाचे होते. २००४ मध्ये याच कोलोनच्या कॉइपस्ट्रासंवर, तुर्की दुकानांच्या रस्त्यावर, खिळ्यांचा बॉम्ब फुटला आणि बावीस माणसं जखमी झाली. कायदा होता, संसदेची देखरेख समिती होती, आणि तपासयंत्रणा कित्येक वर्षं मृतांच्या नातेवाइकांवरच संशय घेत होत्या. टोळी उघडकीला आल्यावर खात्यात संबंधित फायली यंत्रात घालून कापल्या गेल्या. त्यावरून तेव्हाच्या प्रमुखांना जावं लागलं, म्हणूनच मासेन आले. माझ्यासारख्या सावळ्या माणसाने नागरिकत्वाचा अर्ज केला की तो तपासायला याच खात्याकडे चौकशी जाते, तेव्हा त्याच्याबद्दल माझ्या मनात भाबडं प्रेम नाही. पण फायली कापल्या हे आम्हाला कळलं, कारण विचारण्याचा हक्क असलेली संसदीय समिती होती.

आयबी १८८७ पासूनची. तिच्यासाठी संसदेने केलेला स्वतंत्र कायदा आजही नाही. माहिती अधिकारातून ती वगळलेली आहे, अपवाद भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या तक्रारींपुरता. २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी गुप्तचर संस्थांसाठी खासगी विधेयक आणलं होतं, ते तिथेच राहिलं. आणि निवृत्त प्रमुखांचं पुढे काय होतं? टी. व्ही. राजेश्वर तीन राज्यांचे राज्यपाल झाले. एम. के. नारायणन राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार, मग पश्चिम बंगालचे राज्यपाल. ई. एस. एल. नरसिंहन छत्तीसगडला आणि नंतर जवळजवळ दहा वर्षं हैदराबादच्या राजभवनात. अजित डोवाल २०१४ पासून राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार. नेमणारी सरकारं दोन्ही बाजूंची, त्यामुळे 'तुमचे-आमचे' करण्यात हशील नाही. यांतल्या कुणाच्या कर्तबगारीवर माझा आक्षेप नाही. ती मोजायला लागणारी कागदपत्रंच तुम्हा-आम्हाला दिसत नाहीत. डोवाल यांच्या पाकिस्तानातल्या दिवसांच्या गोष्टी प्रत्येक काकाला पाठ असतात. आयबीचं अंदाजपत्रक कोण तपासतं हे त्यांतल्या एकालाही सांगता येत नाही.

मासेन यांच्या जागी आलेले टोमास हाल्डेनवांग यांनीही २०२४ मध्ये पद सोडलं आणि लगेच वुपरटालमधून उमेदवारी घेतली. मला ते आवडलं नाही. काल एका पक्षावर पाळत ठेवणाऱ्याने आज त्याच्या विरोधात मतं मागावीत, यात खात्याचीच अब्रू जाते. तेही पडले. पण निदान मतं मागायला दारोदार तरी गेले. राज्यपालाला तेवढंही करावं लागत नाही. नेमणूक तेच सरकार करतं, ज्याच्या काळात त्या माणसाने कुणाकुणाच्या फायली तयार केल्या हे फक्त त्या सरकारलाच ठाऊक. निवृत्तीनंतर पाच वर्षं कोणतंही सरकारी पद नाही, एवढा एक नियम आधी करा. मुदतवाढीवर मग खुशाल भांडू.