विमान आलं म्हणून पाऊस गेला का?

आषाढ कोरडा जायला लागला की सोलापुरात एक मजकूर फोनाफोनी फिरायला लागतो. मला तो तीन ठिकाणांहून आला. तिसऱ्यांदा पाठवला तो मोहोळ तालुक्यातल्या माझ्या मामांनी. खाली त्यांनी लिहिलं होतं, "तू शाळेत विज्ञान शिकवलंस ना पोरी, मग सांग ह्याचं काय ते." उडीद पेरून बसलेल्या माणसाचा हा प्रश्न आहे. त्याला "अफवा आहे, सोडून द्या" एवढंच उत्तर देणं मला बरोबर वाटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं आहे. आभाळ भरून आलं की एक विमान येतं, ढगांत रसायन मारतं आणि ढग विरून जातात. पुरावे म्हणून पाच गोष्टी दिल्या आहेत. विमानामागं पांढरी रेघ दिसते. ढगांत क्षार सोडतो हे शास्त्रज्ञ स्वतःच सांगतात. २०१८ साली सोलापुरात हा प्रयोग झाला आणि त्याच वर्षी दुष्काळ पडला. हे क्षार जमिनीला विषारी आहेत. आणि शेवटी, शेकडो शेतकऱ्यांनी हे डोळ्यांनी पाहिलंय.

यातलं खरं काय ते आधी सांगते. सोलापूर परिसरात असं विमान खरोखरच उडालं आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं २००९ मध्ये 'कायपीक्स' नावाचा ढगांचा अभ्यास सुरू केला. त्याचा चौथा टप्पा २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात इथंच झाला. त्यासाठी सोलापुरात रडार बसवलं होतं, आणि विमानाच्या पंखांना लावलेल्या नळकांड्यांतून कॅल्शियम क्लोराइडचे कण ढगाच्या तळाशी सोडले होते. म्हणजे मामांनी किंवा त्यांच्या शेजाऱ्यांनी विमान पाहिलं असेल, तर त्यांचे डोळे खोटं बोलत नाहीत. विमान का आलं आणि ढग का गेला, ह्या दोन गोष्टींमध्ये जो धागा जोडला जातो, वाद फक्त त्या धाग्याचा आहे.

पांढऱ्या रेघेचा मुद्दा सोपा आहे. मुंबईहून हैदराबादला जाणारी प्रवासी विमानं आपल्याच भागावरून जातात. ती साधारण दहा किलोमीटर उंचीवर असतात. तिथलं तापमान शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. इंजिनातून निघालेली वाफ तिथं क्षणात गोठते आणि बर्फकणांची रेघ उमटते. थंडीत सकाळी बोलताना तोंडातून वाफ दिसते ना, तसंच हे. ढगांत बीजारोपण करणारं, म्हणजे क्षार सोडणारं विमान मात्र ढगाच्या तळाशी, जमिनीपासून एक-दोन किलोमीटरवर उडतं. तिथल्या उबदार हवेत अशी रेघ उमटतच नाही. मजकुरासोबतच्या व्हिडिओत दिसते ती प्रवासी विमानाची रेघ आहे.

आता क्षारांचं. ढगात क्षार सोडले की ढग विरतो, असं मजकूर म्हणतो. खरं काय घडतं ते समजून घ्यायला आपल्या आभाळाकडं नीट पाहावं लागेल. ढगातला एक थेंब इतका बारीक असतो की तो पडतच नाही, हवेत तरंगत राहतो. पावसाचा एक थेंब व्हायला असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. थेंब एकमेकांवर आदळून मोठे होतात, पण त्यासाठी काही थेंब आधीपासून इतरांपेक्षा मोठे असावे लागतात. हवेत धूळ आणि धूर जास्त असला की तीच वाफ असंख्य कणांत वाटली जाते. सगळे थेंब सारखेच बारीक राहतात आणि आभाळ नुसतं काळं दिसून निघून जातं. पाणी ओढून घेणारे थोडे मोठे क्षारकण तळाशी मिळाले, तर त्यांच्याभोवती मोठे थेंब तयार होतात आणि पावसाची सुरुवात सोपी होते. विमानातून क्षार सोडण्यामागं हे कारण आहे.

इथं मजकुराच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करायला हवी, कारण ती खरी आहे. कण फार बारीक असतील आणि फार जास्त सोडले, तर उलटा परिणाम होऊ शकतो. वाफेचे वाटेकरी वाढतात आणि थेंब आणखी लहान राहतात. म्हणून "क्षारांमुळं पाऊस कमी होऊ शकतो का?" हा प्रश्न वेडगळ मुळीच नाही. पण होऊ शकतो आणि झाला यांत मोठं अंतर आहे. ते कापायला मोजमाप लागतं, आणि हे मोजमाप झालेलं आहे.

ते कसं झालं ते सांगते, कारण सगळ्या प्रश्नाची किल्ली तिथं आहे. मामा नवीन खत आणतात तेव्हा ते पूर्ण रानात टाकत नाहीत. चार सऱ्यांना टाकतात, शेजारच्या चार सऱ्या तशाच ठेवतात. जमीन तीच, पाणी तेच, बियाणं तेच. मग फरक दिसला तर तो खताचा. मोहोळचाच दाखला देते. आपण ज्या मालदांडी ज्वारीची भाकरी खातो, तिचं ३५-१ हे वाण १९३० च्या दशकात मोहोळच्याच केंद्रावर निवडलं गेलं. निवड करायची म्हणजे एक ओळ दुसरीच्या शेजारी लावून पाहायची. नुसतं एक कणीस भरलेलं दिसलं म्हणून वाण ठरत नाही.

ढगांच्या बाबतीत हेच केलं, फक्त एक काळजी जास्त घेतली. ढग आधी निवडायचे, आणि त्यांतल्या कुणाला क्षार द्यायचे नि कुणाला तसंच सोडायचं हे माणसानं ठरवायचं नाही, ते चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर सोडायचं. असं का? माणूस ठरवायला लागला की नकळत गुबगुबीत, पडायलाच आलेले ढग निवडतो आणि मग श्रेय क्षारांना देतो. सोलापूरच्या प्रयोगात असे २७६ ढग अभ्यासले. दोन्ही गटांचा पाऊस रडारनं आणि जमिनीवरच्या पर्जन्यमापकांनी मोजला. क्षार दिलेल्या ढगांच्या बाजूला पाऊस सरासरी सुमारे १८ टक्के जास्त भरला. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी १९७३ ते १९८६ या काळातल्या अकरा पावसाळ्यांत बारामतीच्या परिसरात अशीच, मिठाची पूड वापरून, चाचणी झाली होती. तिथं वाढ २४ टक्के निघाली होती. दोन वेगळे काळ, दोन वेगळे क्षार, आणि उत्तराची दिशा एकच.

हे आकडे मी डोक्यावर घेऊन नाचत नाही. असे प्रयोग आणखी ठिकाणी, आणखी वर्षं व्हायला हवेत. शिवाय १८ टक्के कशाचे, हे विसरून चालणार नाही. जे ढग योग्य होते, त्यांच्या पावसाचे. कोरड्या आभाळातून विमान पाऊस पाडू शकत नाही, कारण शून्याचे १८ टक्के शून्यच. म्हणून "विमान पाठवा म्हणजे दुष्काळ हटेल" हेही तितकंच चूक आहे. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पाऊस पळवल्याचा संशय वाढायला पाऊस पाडण्याची फुगवलेली आश्वासनंही कारणीभूत झाली आहेत.

२०१८ चा मुद्दा मामांना सगळ्यात जास्त पटला होता. त्या वर्षी राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, हे खरं. त्यांत आपले तालुके होते, हेही खरं. पण बीड, जालन्यापासून खानदेशापर्यंतचे तालुकेही होते. हे विमान फिरत होतं सोलापूरच्या आसपास. मग जालन्याचे ढग कुणी नेले? आणि मागचे दुष्काळ पाहायचे तर १९७२ आहे, १८९६ आहे, १८७६ आहे. माणसानं विमान उडवलं १९०३ मध्ये. सोलापूरजवळचा एकरुखचा तलाव १८७१ मध्ये बांधून झाला, तो काही हौसेनं नाही. त्याच्याही कित्येक शतकं आधी दामाजीपंतांनी मंगळवेढ्याची कोठारं उघडली म्हणून आपण त्यांचं नाव घेतो, तो काळ दुष्काळाचाच होता. अवर्षण हा या भूमीचा जुना स्वभाव आहे. सह्याद्री ओलांडताना वारे आपलं पाणी घाटावर टाकतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून जास्त पडतो, आपल्या जिल्ह्यात साधारण साडेपाचशे. घाट उतरून वारे खाली येतात तेव्हा हवा तापते, कोरडी होते. जुलैत आपल्याकडं ढग धावतात पण थांबत नाहीत, ते यामुळं. आपला खरा पाऊस बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर असतो आणि सप्टेंबरात पडतो. उत्तरा आणि हस्ताच्या भरवशावर आपली रब्बीची ज्वारी उभी राहते, हे मामांनी मला शिकवलंय, मी त्यांना नाही.

आता "डोळ्यांनी पाहिलंय". या मुद्द्याला मी सगळ्यात जास्त मान देते, म्हणून त्यावर जास्त थांबते.

विमान आलं आणि ढग गेला, हे पाहिलं. पण विमान न येता किती ढग गेले, ते कुणी पाहिलं? दुपारी उठणारा कापसासारखा ढग बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात आपोआप विरतो. आजूबाजूची कोरडी हवा त्यात घुसते आणि थेंबांची पुन्हा वाफ होते. असे ढग आपण रोज पाहतो, पण लक्षात ठेवत नाही. लक्षात राहतो तो विमान आलेला दिवस. शिवाय हे विमान ढग असलेल्या दिवशीच उडतं. निरभ्र आभाळात ते कशाला येईल? म्हणजे विमान आणि ढग एकत्र दिसणार हे ठरलेलंच, आणि त्यातले बरेच ढग विरणार हेही ठरलेलंच.

समजा, पावसाळ्यात ४० दिवस आभाळ भरून आलं आणि विमान आलं नाही. त्यातले ३० दिवस पाऊस झाला नाही. आणखी ८ दिवस आभाळ भरलं आणि विमानही आलं, त्यातले ६ दिवस पाऊस झाला नाही. त्या ६ दिवसांची गोष्ट गावभर होईल. पण दोन्हीकडं प्रमाण एकच आहे, चारातले तीन. विमानानं काहीच केलं नाही. ही गोष्ट फक्त ते ६ दिवस बघून कधीच कळणार नाही. त्यासाठी चारही खाने भरावे लागतात: विमान आलं नि पाऊस झाला, विमान आलं नि झाला नाही, आलं नाही नि झाला, आलं नाही नि झाला नाही.

त्यात पाऊस हा फार लहरी. मी विजापूर रोडला राहते, माझी नणंद जुळे सोलापुरात. दोघींच्या गच्चीवर पर्जन्यमापक आहे आणि रोज सकाळी साडेआठला आम्ही आकडा एकमेकींना कळवतो. एकदा माझ्याकडं २३ मिलिमीटर भरला आणि तिच्याकडं ४. मध्ये विमान नव्हतं, काहीच नव्हतं. एका शिवारात पडला नि शेजारच्या शिवारात नाही, हे आपल्याकडच्या पावसाचं रोजचं वागणं आहे. त्यावरून कुणाला दोषी धरता येत नाही.

विषाचा मुद्दा मी लवकर आटोपते. कॅल्शियम क्लोराइड दूध फाडून पनीर करताना वापरतात. एका नळकांड्यात माल असतो किलोच्या हिशोबात. आपला जिल्हा १४,८९५ चौरस किलोमीटर. त्यावर फक्त एक मिलिमीटर पाऊस पडला तरी पाणी होतं सुमारे १,४९० कोटी लिटर. एवढ्या पाण्यात ते काही किलो कुठं सापडणार? शिवाय अरबी समुद्रावरून येणारा मान्सूनचा वारा मीठ घेऊनच येतो, त्याच्या कणांवरही ढगाचे थेंब बनतात. आपल्या जमिनी चोपण, म्हणजे क्षारांनी नापीक, होतात त्या अति पाण्यानं, निचरा नसल्यानं. उसाच्या पट्ट्यात हे कुणीही दाखवेल.

मजकुराच्या शेवटी एक वाक्य आहे, की सरकार हे सगळं लपवतंय. जो प्रयोग छापला गेला, ज्याचे आकडे जगातल्या कुठल्याही हवामान शास्त्रज्ञाला तपासता येतात, तो लपवलेला कसा? लपवलं असतं तर मजकूर लिहिणाऱ्याला क्षाराचं नाव तरी कुठून कळलं असतं?

मामांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुझं ऐकून नाही मान्य करायचो. मी स्वतः बघणार." मला हे उत्तर फार आवडलं. मी त्यांना शाळेची एक जुनी वही पाठवली आहे, पाच रकाने आखून: तारीख, दुपारी आभाळ कसं होतं, विमान दिसलं का, दिसलं तर किती उंचावर, आणि दुसऱ्या सकाळी मापकात किती भरलं. एकच अट घातली, की विमान न दिसलेला दिवसही लिहायचा, आणि त्याच दिवशी लिहायचा, मागाहून आठवून नाही. हस्त संपेपर्यंत ते लिहिणार आहेत. त्या वहीत विमानाच्या दिवशी पाऊस खरोखरच कमी निघाला, तर मी ती वही घेऊन पुण्याला त्या संस्थेत जाईन, असा शब्द मी मामांना दिला आहे.