बीटल्सचा कुठला ‘रिव्हॉल्व्हर’ ऐकलाय ते आधी सांगा!

सर्वश्रेष्ठ अल्बमची नवी यादी निघाली की जी हमरीतुमरी सुरू होते, तिचा आता वीट आलाय. एक म्हणतो, “पिंक फ्लॉइड ५५वे? यांना काय कळतं संगीतातलं!” दुसरा म्हणतो, “बीटल्सना उगाच डोक्यावर चढवून ठेवलंय.” तिसरा “भंगार यादी” म्हणून मोकळा. मतं कुणी दिली, गुण कसे मोजले, कुठली आवृत्ती धरली, हे तिघांपैकी एकानेही बघितलेलं नसतं. अरे, भांडा ना, कडाकडा भांडा! पण कशावरून भांडताय ते तरी समजून घ्या.

‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन संगीत मासिकाचंच घ्या. २००३च्या यादीत बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ पहिला होता, २०२० मध्ये तो २४वा आला आणि मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ पहिला. झालं, बोंबाबोंब: रॉकच्या यादीत सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांचं गायन-संगीत) घुसवलं! मुळात ती यादी रॉकची नाहीच, सगळ्या अल्बमची आहे. २००३ मध्येही हाच मार्विन गे सहावा होता आणि माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ बारावा. जाझ बाराव्या नंबरवर चाललं, मग आत्ताच काय बिघडलं? २०२० मध्ये जुन्या यादीची डागडुजी न करता तीनशेहून जास्त लोकांकडून नव्याने याद्या मागवल्या, प्रत्येकाकडून पन्नास अल्बमची. मतदार बदलले, निकाल बदलला. पिंक फ्लॉइडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ ४३ वरून ५५ वर गेला म्हणून छाती पिटणारे दोन वेगळ्या परीक्षांचे मार्क शेजारीशेजारी ठेवून पोरगा नापास झाला म्हणून रडतायत.

आणि गुणांचा हिशेब? तो तर कुणाला नकोच असतो. समजा शंभर मतदार आहेत आणि प्रत्येकाने दहा अल्बम क्रमाने लिहिलेत. पहिल्याला १० गुण, दुसऱ्याला ९, दहाव्याला १. एक अल्बम तीस जणांनी पहिला लिहिला, बाकीच्यांनी लिहिलाच नाही: ३०० गुण. दुसरा ऐंशी जणांनी सहावा लिहिला: प्रत्येकी ५, म्हणजे ४००. जिंकला कोण? जो कुणाचाच सगळ्यात लाडका नाही तो. आता त्याच शंभर चिठ्ठ्या घ्या आणि पहिल्याला १, दुसऱ्याला अर्धा, तिसऱ्याला एक तृतीयांश, सहाव्याला एक षष्ठांश असे गुण द्या. पहिल्या अल्बमला ३०, दुसऱ्याला जेमतेम १३. निकाल उलटा! एकानेही मत बदललेलं नाही. दहाच जागा असतील तर बीटल्स, डिलन, झेपलिन यांच्या चाहत्यांची मतं चार-पाच अल्बममध्ये फुटतात आणि ज्याचा एकच मोठा अल्बम आहे त्याचं फावतं. पन्नास जागा दिल्या की हा त्रास कमी होतो, कारण पाचही अल्बम लिहिता येतात. एवढं साधं गणित न करता “ठरवून केलंय” म्हणून आरोप करायचे!

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते आवृत्त्यांवरून. १९६६ मध्ये ‘रिव्हॉल्व्हर’ ब्रिटनमध्ये चौदा गाण्यांचा निघाला आणि अमेरिकेत अकरा गाण्यांचा. ‘आय अॅम ओन्ली स्लीपिंग’, ‘अँड युवर बर्ड कॅन सिंग’, ‘डॉक्टर रॉबर्ट’ ही तिन्ही गाणी कॅपिटॉल या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीने आधीच ‘यस्टरडे अँड टुडे’ या अल्बममध्ये वापरून टाकली होती. तिन्ही मुख्यतः बीटल्समधल्या जॉन लेननची. म्हणजे अमेरिकन श्रोत्याच्या हातात जो ‘रिव्हॉल्व्हर’ पडला त्यात लेननची दोनच गाणी उरली. १९८७ मध्ये सीडी आल्या तेव्हा ब्रिटिश आवृत्ती सगळीकडे प्रमाण झाली. ‘सार्जंट पेपर’ मात्र पहिल्यापासून दोन्हीकडे त्याच गाण्यांसह निघाला. मग अमेरिकन समीक्षकांनी वर्षानुवर्षं ‘पेपर’ला डोक्यावर घेतलं आणि ‘रिव्हॉल्व्हर’चा भाव पुढे वाढला, यामागे हे एक कारण नक्की आहे असं माझं ठाम मत आहे. जिमी हेंड्रिक्सच्या ‘आर यू एक्सपिरियन्स्ड’चंही तेच. ब्रिटिश एलपीवर ‘पर्पल हेझ’ नाही, अमेरिकन एलपीवर ‘रेड हाउस’ नाही. तुम्ही नेमक्या कुठल्या हेंड्रिक्सला नंबर देताय?

मिक्सचा, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज आणि वाद्यं एकत्र कशी बसवली याचा, गोंधळ त्याहून वाईट. ‘पेपर’च्या मोनो (एकाच चॅनेलच्या) मिक्समध्ये ‘शीज लीव्हिंग होम’ जलद आहे, सूर साधारण अर्ध्या स्वराने वर. जुन्या स्टिरिओ (दोन चॅनेलच्या) मिक्समध्ये तेच गाणं रेंगाळतं. “रटाळ गाणं” म्हणणाऱ्याने कुठलं ऐकलं? इगी पॉपच्या ‘स्टूजेस’ बँडच्या ‘रॉ पॉवर’चं १९७३चं डेव्हिड बोवीचं मिक्स पातळ आहे, ड्रम आणि बेस मागे दबलेले. १९९७चं इगी पॉपचं मिक्स इतकं चढवलंय की आवाज फाटतो. दोन्हीवर नाव एकच, आणि दोघे जण दोन वेगळ्या मिक्सवरून एकमेकांची अक्कल काढत बसतात! स्ट्रीमिंगवर तर डीलक्स (जादा गाणी जोडलेली) आवृत्ती लावतात. ‘पेपर’मधल्या शेवटच्या ‘अ डे इन द लाइफ’चा तो शेवटचा पियानोचा कॉर्ड चाळीसेक सेकंद विरत जातो, तो संपतो न संपतो तोच गाण्यांचे कच्चे टेक सुरू. मग म्हणायचं, “अल्बम फार लांबलाय.” ३९ मिनिटांचा अल्बम आहे तो!

म्हणून वाद घालायचा असेल तर आधी एवढं सांगा: कुठल्या वर्षाची आवृत्ती, मोनो की स्टिरिओ, मूळ मिक्स की नंतरचं, आणि दुसरी बाजू शेवटपर्यंत ऐकली का. दोन मिक्सची तुलना करत असाल तर दोन्हींचा आवाज सारखा करून ऐका. जे जरा मोठ्याने वाजतं ते कानाला उगाचच चांगलं वाटतं, आणि नवे रिमास्टर (जुन्या रेकॉर्डिंगच्या नव्याने घासूनपुसून काढलेल्या आवृत्त्या) बहुतेक वेळा मोठ्यानेच वाजतात. हे केल्यावरही ‘रिव्हॉल्व्हर’ २०२०च्या यादीसारखा अकरावा ठेवणं तुम्हाला बरोबर वाटत असेल तर या, गाण्यागणिक भांडू. मी त्यातल्या शेवटच्या गाण्यापासून, ‘टुमॉरो नेव्हर नोज’पासून सुरुवात करेन.