गहिवरलेला वृद्ध

परवा पेपरात माझा फोटो आला. आयुष्यात चौथ्यांदा. आधीच्या तिन्ही वेळी मी दहावीच्या निकालाच्या बातमीत पोरांच्या मागं उभा होतो आणि माझे फक्त केस दिसत होते. या वेळी अगदी मधोमध, दोन कॉलम, रंगीत. खाली ओळ: 'थंडीत मायेची ऊब मिळताच गरजू वृद्धाला असे गहिवरून आले.'

तो गरजू वृद्ध म्हणजे मी.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रीतसर निवृत्त झालेला, एकसष्ट वर्षांचा मास्तर आहे. पेन्शन उशिरा येते, पण येते. आणि त्या दिवशी जी 51 ब्लँकेटं वाटली, त्यातल्या दहांचे पैसे माझ्या खिशातून गेलेत. पावती अजून पाकिटात आहे. कोणी मागितली नाही तरी मी ती दाखवत असतो.

सकाळी आठला अकोल्याहून बहिणीचा फोन. "दादा, अडचण होती तर आम्हाला सांगायचं ना रे." आवाज भरून आलेला. नऊ वाजता पुण्याच्या मुलानं काही न विचारता पाच हजार रुपये पाठवले, सोबत निरोप: 'बाबा, आईला सांगू नका.' किराणावाल्यानं सामान बांधता बांधता हळूच म्हटलं, "सर, पैशाची घाई नाही." माझी त्याच्याकडे आजवर एक रुपयाची उधारी नव्हती. (मुलाचे पाच हजार मी परत केलेले नाहीत. तो विषय वेगळा आहे.)

हे सगळं आमच्या क्लबामुळं. कोणता क्लब ते सांगत नाही, कारण सोमवारी मला तिथंच जेवायचं आहे. शिकागोत 1905 साली एका वकिलानं तीन मित्रांना जमवून रोटरी सुरू केली. पाळीपाळीनं एकेकाच्या ऑफिसात बसायचे, म्हणून ते नाव. पुढं 1917 मध्ये त्याच शिकागोत एका विमावाल्यानं लायन्सची जुळवाजुळव केली. म्हणजे ज्या दोन माणसांना पाहून आपण रस्ता बदलतो, त्या दोघांनीच जगाला समाजसेवेसाठी एकत्र आणलं. आमचा क्लब या कुळातलाच. घंटा आहे, कोटावरची पिन आहे, दर 1 जुलैला नवा अध्यक्ष आहे, आणि गेल्या अध्यक्षाचं नव्याशी वैर आहे.

20 डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी. त्यानिमित्त पलीकडच्या गावात ग्रामस्वच्छता आणि ब्लँकेट वाटप असा जोड कार्यक्रम होता. स्वच्छता तीन मिनिटांत झाली. झाडू इतके नवे होते की एकाच्या मुठीवरचा प्लॅस्टिकचा कागदही निघाला नव्हता. शाळेसमोरचं अंगण पोरांनी सकाळीच झाडून ठेवलं होतं, त्यामुळं झाडायला काही उरलं नाही. मग कोणीतरी कडुनिंबाचा पाला आणून टाकला आणि सगळ्यांनी मिळून तो झाडला. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा तो माणूस गावात शिरला की आधी गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनात लोकांची डोकी. अंगावर चिंध्यांची गोधडी. त्याच्या नावानं आम्ही ब्लँकेटं वाटत होतो, आणि मागच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो अध्यक्षांच्या फोटोच्या निम्मा होता.

आमच्यासोबत फिनलंडचा पोरगाही होता. युथ एक्स्चेंजचा. आमच्या एका मेंबरची मुलगी वर्षभरासाठी तिकडं गेली आणि बदल्यात हा सतरा वर्षांचा, दाराच्या चौकटीला डोकं लागणारा पोरगा इकडं आला. वर्षात तीन घरं फिरवायचा नियम. सध्या पाळी आमची. रंग असा की माझ्या आईनं पहिल्याच दिवशी त्याचं नाव पांडुरंग ठेवलं. "थो पंढरपुरातला काया, अन् नाव पांडुरंग. हा तरी खराखुरा हाय." त्याचं गाव पार उत्तरेला, डिसेंबरात तिथं कित्येक दिवस सूर्य उगवतच नाही. हे ऐकल्यापासून आईला एकच घोर: "मंग सकायी उठता कसे?" तिच्याजवळ बसून तो मराठीतला एक शब्द अस्खलित शिकला. काहून. हा शब्द तो फार अवघड ठिकाणी वापरतो.

या पोरांना नियम चार: दारू नाही, ड्रग्ज नाही, डेटिंग नाही, ड्रायव्हिंग नाही. पहिल्या तिन्हींची आमच्या तालुक्यात सोय बेताचीच. दारू मुबलक आहे, पण ती पाहिल्यावर कोणी मागत नाही. अडलं ते चौथ्यावर. पोराला बैलगाडी हाकायची होती. बैलगाडी हे ड्रायव्हिंग आहे की नाही, यावर क्लबाची पाऊण तास सभा झाली. आरटीओतून निवृत्त झालेल्या मेंबरचं मत, ज्याला लायसन लागत नाही ते ड्रायव्हिंग नाही. वकील मेंबर म्हणाले, बैल उधळले तर जबाबदारी कोणाची? शेवटी ठराव झाला: पोरानं गाडीत बसावं, पण कासरा धरू नये. बैलांना ठराव कळवण्यात आला नाही.

तर 20 तारीख. पाहुणे दोन तास उशिरा. झोंबरं वारं सुटलेलं, म्हणून मी माकडटोपी घातली होती, वर मफलर, आणि दाढी दोन दिवसांची. पोरगा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, पिना लावलेला ब्लेझर हातावर टाकून उभा. यादीतलं पहिलं नाव पुकारलं, तर म्हातारा येईना. अध्यक्ष म्हणाले, "सर, तुम्ही जरा पाहा ना. मास्तरांचं ऐकतात."

म्हातारा कडुनिंबाखालच्या पारावर विडी ओढत होता. हाडाडलेला, पण डोळे तल्लख.

"बाबा, चला, नंबर आला तुमचा."

"किती जन हायत फोटोत?"

"असतील दहा-अकरा."

"अकरा जन अन् कंबल एक." त्यानं विडी विझवली आणि उरलेला तुकडा कानावर ठेवला. "मंग माहं तोंड कुठी दिसन? मागल्या खेपेले नुसता कान आला होता माहा. सुनेनं वयखला नाही."

मी हातातलं ब्लँकेट पुढं केलं. त्यानं ते घेतलं नाही. दोन बोटांच्या चिमटीत चार तंतू धरले, ओढले आणि उजेडात पाहिले. जिनिंगवर ग्रेडर कापसाची लांबी पाहतो तसे.

"धागा आखूड हाय."

"नागपूरच्या गांधीबागेतून आणलंय," मी म्हटलं. मला लागलं होतं. दहांचे पैसे माझे.

"म्हनून तं म्हनलं. यंदा हा तिसरा, मास्तर. पह्यला बँकवाल्यायनं देल्ला. दुसरा नेत्याच्या वाढदिवसाचा, थो मस्त वजनदार होता. तुमचा पातय हाय."

"ते दोन कुठं गेले?"

"एक म्हशीवर टाकला. तिले रातची हुडहुडी भरते. एक जवायानं नेला."

"आणि तुम्ही काय पांघरता?"

"मले माह्या बुढीची गोधडी हाय. तिच्याच लुगड्याईची. बुढी गेली, गोधडी हाय." मग एकदम धंद्याच्या आवाजात, "पाहा मास्तर, तुम्ही नवे दिसता म्हनून सांगतो. देनाऱ्यानं कंबलाचं टोक उजव्या हातानं धराव, पोट आत घ्याव, अन् कॅमेऱ्याकडं पाहाव. घेनाऱ्याकडं नाही. तुमच्या साहेबायले थे बरोबर जमते. अन् घेनाऱ्यानं हात जोडाव, पन छातीपाशी. वर नेले की तोंड झाकते."

"तुम्हाला एवढं कसं माहीत?"

"नऊ वर्सं झाले," तो म्हणाला. मी माझी छत्तीस वर्षांची नोकरी सांगतो, त्याच सुरात.

"मग चला की. पाच मिनिटांचं काम."

"नाही जमत आता. नुकसान होते." तो पारावर सरकला आणि मला बसायला जागा केली. मीही बसलो; गुडघे केव्हाचे ओरडत होते. "घरकुलाच्या यादीत नाव पाहाले गेलो, तं तथला बाबू म्हने, बुढ्या, तुह्या तं पेपरात फोटो येते, तुले काय कमी हाय? आता सांगा. कंबल भेटले तीन, अन् घर गेलं ना एका फोटोपायी. तीन कंबलाईनं भिंत बांधता येते का?"

मला काही बोलता आलं नाही. मागं उभ्या पोराला त्यातलं किती कळलं देव जाणे, पण तो म्हणाला, "काहून?" म्हाताऱ्यानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "याले थंडी नाही वाजत?" मग त्याच्या ब्लेझरवरच्या पिना निरखल्या. पोरानं एक पिन काढून त्याच्या बंडीला लावली. म्हाताऱ्यानं खिशातून ओंजळभर बोरं काढून पोराला दिली. याचा फोटो कोणी काढला नाही.

तेवढ्यात मंडपाकडून आरडाओरडा: उजेड चाललाय, पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम आहे. सगळा लवाजमा पाराकडेच आला. म्हातारा "जरा जाऊन येतो" म्हणून उठला तो गेलाच. मी उठायच्या बेतात होतो, पण माझ्या उठण्याला दोन हप्ते लागतात. पहिल्या हप्त्यात असतानाच खांद्यावर ब्लँकेट पडलं आणि आवाज आला, "बाबा, इकडं पाहा!" एकसष्टाव्या वर्षी 'बाबा' म्हटलं की मान आपोआप वर होते. मी "अहो, मी..." म्हणायला तोंड उघडलं. फोटोतला गहिवर तो.

मला राग याचा आहे की ब्लँकेट टाकणारे अध्यक्ष माझ्याच गल्लीत राहतात. रोज सकाळी फिरताना आम्ही भेटतो. पण त्यांचं तोंड कॅमेऱ्याकडं होतं. म्हाताऱ्यानं सांगितलं होतं, अगदी तसं.

पेपरच्या वार्ताहराला फोन केला. तो म्हणाला, "सर, शुद्धिपत्र लावतो ना. पण 26 जानेवारीची पुरवणी निघून राहिली, तेवढी क्लबाची शुभेच्छा जाहिरात पाहा." मग थोडं थांबून, "आणि सर, फोटो छानच आलाय हो. खरा वाटतो."

आमच्या सभागृहात चार प्रश्नांची एक फ्रेम आहे. 1932 मध्ये शिकागोच्या एका माणसानं बुडायला आलेली भांड्यांची कंपनी सावरताना ते लिहिले आणि पुढं रोटरीनं उचलले: हे सत्य आहे का, सर्वांना न्याय्य आहे का, यानं सद्भाव आणि मैत्री वाढेल का, सर्वांच्या हिताचं आहे का? त्या रात्री मी फोटो समोर ठेवून चारही प्रश्न विचारले. चौथ्यापर्यंत पोचलोच नाही. तिसऱ्याला बायको म्हणाली, "झोपा आता."

खरं सांगू का, या लोकांत मी आलो तो पल्स पोलिओमुळं. मोहीम 1995 ला सुरू झाली. आम्हा मास्तरांना रविवारी बूथवर बसवायचे. सरकारकडून डोस यायचे, पण तांड्यावर, पारधी बेड्यावर जायला गाडी नसायची. तेव्हा क्लबातला एक कापडवाला स्वतःची जीप घेऊन यायचा, वर भोंगा बांधून. बर्फाच्या डब्यावर मी, मांडीवर शिशा. पोरांच्या करंगळीला शाई लावायची, पुढचं घर. देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 ला हावड्यात सापडला, आणि 27 मार्च 2014 ला प्रमाणपत्र मिळालं. त्या रविवारांचा माझ्याजवळ एकही फोटो नाही. कापडवालाही गेला. आता 51 ब्लँकेटांचे ग्रुपवर 140 फोटो आहेत, मी मोजलेत, आणि त्यातल्या एकातही पावती फाडणारा मी नाही.

सोमवारी सभेला गेलो तर दंड. आमच्यात आनंदाबद्दल दंड घेतात: नवी गाडी, नातू, पेपरात फोटो. शंभर रुपये. मी म्हटलं, नाव कुठं छापलंय? दंडवाला म्हणाला, फोटो तर आलाय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पैसे दिले. पोरगा शेजारी बसला होता. त्यानं विचारलं ते तुम्हाला माहीत आहेच.

काल सकाळी दार वाजलं. म्हातारा. बंडीवर फिनलंडची पिन, हातात पेपराची घडी. मला वाटलं, ब्लँकेट मागायला आला. त्या गडबडीत ते माझ्याच खांद्यावर राहून घरी आलं होतं. मी आणून पुढं केलं. त्यानं हात मागं घेतले.

"नाही, नाही. फोटो ज्याचा, कंबल त्याचा. आमच्यात तसंच असते."

बायकोनं चहा दिला. बशीत ओतून त्यानं तो सावकाश संपवला, घर न्याहाळलं, वर स्लॅबकडं पाहून मान हलवली. पेपर उघडून माझा फोटो पुन्हा एकदा पाहिला.

"तोंड उघडं ठेवलं, थे बेस केलं. मले नव्हतं सुचलं." उठता उठता तो जवळ आला, आवाज उतरवला. "आयतवारी तालुक्याले डोयाचं शिबिर हाय. चष्मा भेटते, जेवन भेटते. ऑटोवाला दोघाईचे तीस घेते. पंधरा तुमचे, पंधरा माहे. येता का?"