मोहोरावर आळ घेऊन आंबा तोडू नका

जानेवारी उजाडला की एक मेसेज फिरायला लागतो, यंदा आमच्या वाडीच्या ग्रुपवर चार वेळा आला. म्हणे मोहोराचे परागकण हवेत उडून दमा होतो, मळभ आलं की ते जास्त पसरतात, पाऊस पडला की सगळे धुऊन जातात म्हणून खिडक्या उघडा, आणि समुद्राच्या हवेत पराग नसतातच म्हणून त्रास झाला की किनाऱ्यावर जाऊन बसा. वाचून सोडून दिलं असतं, पण शेजारच्या काकांनी नातीला दमा आहे म्हणून परसातला जुना रायवळ आंबा तोडायला माणूस सांगितलाय, त्यांच्या वडिलांनी लावलेलं झाड, म्हणून एवढं लिहितेय.

पहिलं मोहोराचं. आंब्याचा पराग चिकट असतो, लांब उडायला तो बनलेलाच नाही, त्याची ने-आण मुख्यतः माश्या करतात, घरात आपण हाकलतो त्या माश्यासुद्धा. म्हणून तर मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक मारू नका असं बागायतदारांना सांगतात. काजूचा परागही चिकटच. मोहोराच्या वासाने काही जणांचं नाक चुरचुरतं हे खरं, अगदी झाडाखाली बसणाऱ्याला थोडा पराग लागेलही, पण तो अख्ख्या गावावर पसरत नाही.

मी गेल्या फेब्रुवारीत करून बघितलं. काळ्या कागदावर मोहोराचा तुरा झटकला, तर चार फुलं, एक तुडतुडा (मोहोरावरची कीड) आणि थोडा चिकटा, बस. मग तोच प्रकार किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांच्या बनात. डहाळीच्या टोकाला तांबूस तपकिरी नर फुलं असतात ती सकाळी सहाला दंवात झटकली तर काही नाही, नुसता कागद ओला झाला. अकराला ऊन चढल्यावर त्याच झाडाची डहाळी झटकली तेव्हा पिवळट पूड अशी उडाली की कागदावर पडायच्या आधीच निम्मी वाऱ्याने नेली.

यातच मळभाचं उत्तर आहे. फुलातला परागकोश सुकला की आकसून फुटतो आणि पराग मोकळा होतो, म्हणजे पाहिजे कोरडी हवा, ऊन आणि जरासा वारा. दमट मळभाच्या दिवशी कोश नीट उघडत नाहीत, सुटलेले कण ओल धरून जड होतात आणि खाली बसतात. मग मळभात छाती का भरते? कारण धूर वर जात नाही, खालीच कोंडतो, घरातल्या ओलीने बुरशी धरते, आणि मळभ दिसलं की तुडतुडे आणि भुरी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने आजूबाजूच्या बागांतून फवारणी सुरू होते. आळ मात्र मोहोरावर.

समुद्राचं म्हणाल तर भर समुद्रावरून येणारी हवा बऱ्यापैकी स्वच्छ असते, मान्य. पण आपल्याकडे समुद्र आणि गाव यांच्या मध्ये काय उभं आहे ते बघा ना, सुरूचं बन आणि माड! सुरूचा पराग वाऱ्यावरच जातो, माडाचाही काही प्रमाणात उडतो आणि माडाला पोय, म्हणजे फुलोरा, तर वर्षभर येत राहते. ऊन चढून पराग सुटायला आणि खारे वारे सुरू व्हायला साधारण एकच वेळ, म्हणजे बनातला पराग गावाकडे येणार.

मेसेजबरोबर पांढरा कापूस उडतानाचा फोटो आहे, तो सावरीचा. बी वाहून नेणारा कापूस आहे तो, पराग नाही.

आता पाऊस, आणि हे नीट वाचा कारण इथे चुकलं तर जिवावर बेतू शकतं. आषाढातली संततधार हवा धुते, बरोबर. पण विजांच्या पावसाआधी जो वारा सुटतो तो पराग उचलून ढगापर्यंत नेतो, तिथे ओलीने कण फुगून फुटतात आणि खाली येणाऱ्या गार वाऱ्याबरोबर त्यांचे बारीक तुकडे जमिनीपर्यंत येतात. अख्खा कण मोठा असतो, बहुतेक नाकातच अडकतो, तुकडे थेट छातीत उतरतात. २१ नोव्हेंबर २०१६ ला मेलबर्नमध्ये असंच वादळ झालं, हजारो लोक दम लागून हॉस्पिटलात धावले, १० जण गेले, आणि त्रास झालेल्यांत कित्येकांना आधी दमा असल्याचं माहीतच नव्हतं. तो पराग गवताचा होता, झाडाचा नव्हे, पण गणपती ते दिवाळी आपल्या सड्यांवरही, म्हणजे कातळाच्या माळांवर, गवत फुललेलं असतं आणि परतीचा पाऊस विजा घेऊन तेव्हाच येतो. त्यामुळे 'पाऊस आला, खिडक्या उघडा' हा सल्ला दमेकऱ्याला नकोच. गडगडायला लागलं की घरात या, खिडक्या लावा, पंप हाताशी ठेवा, आणि डॉक्टरांनी दिलेलं रोजचं औषध बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करू नका.

काल काकांकडे जाऊन आले. नात कधी खोकते विचारलं तर काकू म्हणाल्या, तिन्हीसांजेला. तिन्हीसांजेलाच त्या आंब्याखालचा पातेरा गोळा करून पेटवतात, खारा वारा पडलेला असतो, मतलई सुटायचा असतो, धूर सगळा ओटीवर. म्हटलं काका, आधी पातेरा जाळायचं बंद करा, माडाच्या आळ्यात टाका तो, आणि पोरीला छातीच्या डॉक्टरांकडे नेऊन ॲलर्जीची टेस्ट करून घ्या, झाड कुठे पळून जात नाही. तोडणाऱ्या माणसाला त्यांनी सध्या थांब म्हणून सांगितलंय.