मालकी सगळ्यांची, मोटर तुमची

दोन-चार धंदे जमले, एखादं वर्तमानपत्र हाताशी आलं, केबलच्या वायरी पूर्व भागातल्या बोळाबोळांतून फिरल्या, की सोलापुरातल्या कर्त्या माणसाला रेडिओ केंद्राची स्वप्नं पडू लागतात. नेमकं तेव्हाच कुणीतरी उठतं आणि म्हणतं, केंद्रांची मालकी सगळ्या समाजांत वाटली जाईल असा कायदा करा. घाबरू नका. विरोध तर मुळीच करू नका. मागणीच्या निवेदनावर पहिली सही तुमचीच असू द्या.

भाषणाला सुरुवात 1995 पासून करा. त्या वर्षी 9 फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे; मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचं. टाळ्या येतील. पोटात गोळा यायचं कारण नाही. नळाचं पाणीही सार्वजनिकच असतं. ते काही दिवसांआड येतं आणि ज्याने नळाला मोटर लावली आहे त्याची टाकी आधी भरते. कायद्यात आपल्याला फक्त मोटरची जागा शोधायची आहे.

सगळ्यात पक्की जागा म्हणजे लिलाव. खासगी एफएम वाहिन्या लिलावाने देण्याच्या तिसऱ्या टप्प्याचे 2011 चे नियम पाहा. एका शहरातल्या वाहिन्यांपैकी 40 टक्क्यांहून जास्त एकाकडे नकोत, शहरात किमान तीन वेगळे मालक हवेत, देशभरात एकाकडे 15 टक्क्यांवर नकोत (ही शेवटची अट 2022 मध्ये उठली). किती समतोल! मात्र हे तिघे सर्वांत मोठी बोली लावू शकणारेच असणार, हे कुठे लिहावं लागत नाही. हजार विड्या वळून मिळणाऱ्या मजुरीत बोली बसत नाही. बाकी मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू अशा चार भाषांच्या जाहिराती वाजवा. शहराची विविधता तेवढ्याने दिसते.

वर्तमानपत्र आणि वाहिनी एकाच हाती नको, असं कुणी म्हणालं तर लगेच मान डोलवा आणि समिती मागा. 1997 च्या प्रसारण विधेयकात अशी मर्यादा होती; ते समितीकडे गेलं, लोकसभा विसर्जित झाली, विधेयकही गेलं. ट्राय या दूरसंचार नियामकाने 2009 मध्ये आणि पुन्हा 2014 मध्ये याच विषयावर शिफारशी केल्या. शिफारशीचा एक गुण आहे, ती कपाटात जागा फार घेत नाही.

आता उरले खरोखरच केंद्र मागणारे लोक. त्यांच्यासाठी सामुदायिक रेडिओ, म्हणजे एखाद्या संस्थेने आपल्या भागापुरतं चालवायचं छोटं केंद्र, आहे आणि इथे तुम्ही मन मोठं करायचं. संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी, बँक हमी 25,000 रुपयांची, अर्ज दिल्लीला, पुढे वेगवेगळ्या खात्यांच्या मंजुऱ्या, मग लहरींचा परवाना. अँटेना साधारणपणे 30 मीटरपर्यंत, प्रभावी शक्ती 100 वॅट, म्हणजे फार तर दहा किलोमीटरची हाक. मोठ्यांचा हिशेब किलोवॅटमध्ये. बातम्या द्यायच्या तर आकाशवाणीच्याच, काना-मात्रा न बदलता. आपल्या बोळात पाणी का आलं नाही, ही बातमी होते. पाणी कधी येणार, ही सूचना चालते. ‘का’ गाळला की निम्मं काम झालं.

अनुदानाचं कलम अवश्य घाला, पण ते यंत्रांपुरतं ठेवा. पगाराला, वीजबिलाला, दुरुस्तीला छदाम नको. ट्रान्समीटर 50 वॅटचा असला तरी दोन डायपोलच्या (दांड्यांच्या जोड्यांच्या) अँटेनावर 100 वॅटचं काम करतो, म्हणून उद्‌घाटनाला आवाज खणखणीत येतो. पण खांबावरची केबल हलकी असली तर निम्मी ताकद वर पोचायच्या आतच उष्णता होऊन जाते. जोडावर रबरी टेप नीट गुंडाळली नसेल, तर मृगाचा पहिला पाऊस केबलमध्ये उतरतो, शक्ती उलटी फिरते आणि यंत्र स्वतःला वाचवायला आवाज बारीक करतं. कुंभारीच्या विडी कामगारांच्या घरकुलात खरखर, चौकात तेवढं गाणं. मग तुम्ही हळहळून म्हणायचं, ‘आम्ही दिलं हो, त्यांनाच चालवता आलं नाही.’ टेपचं बंडल कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळतं, हे सांगायची गरज नाही.

या केंद्रांवर जाहिरातीची मर्यादा एकेकाळी तासाला 5 मिनिटं होती, पुढे 7, आणि 2024 पासून 12. वाढू द्या. दहा किलोमीटरच्या केंद्राला जाहिरात देणारा दुकानदार तुमच्याच वर्तमानपत्रात वर्षाचा करार करून बसलाय.

2024 च्या नियमांत सल्लागार आणि आशय समितीत निम्म्या महिला हव्यात, असंही आहे. याची धास्ती महाराष्ट्रात कुणी घ्यावी? सरपंचपतींची एवढी मोठी परंपरा आपल्याकडे आहे. बैठकीला सौभाग्यवती, माइकपुढे तुम्ही.

बाहेरचा दाखला हवा असेल तर अमेरिकेचा घ्या, पण अर्धाच. तिथे 1978 पासून, वांशिक अल्पसंख्याकांच्या ताब्यातल्या कंपनीला केंद्र विकणाऱ्याचा नफ्यावरचा कर पुढे ढकलला जाई. विकत घेणाऱ्याने केंद्र किमान वर्षभर ठेवलं की झालं. ही सवलत 1995 मध्ये गेली, तीही स्वयंरोजगार करणाऱ्यांच्या आरोग्य विम्याच्या करवजावटीच्या कायद्यात. असं कलम नेहमी दुसऱ्याच विषयाच्या पोटात घालावं, हा धडा मात्र लिहून ठेवा. पुढच्याच वर्षी एका मालकाकडे देशभरात किती रेडिओ केंद्रं असावीत याची मर्यादाही उठली.

शेवटी एक काळजी घ्या. समितीतल्या आमदारांना घेऊन हैदराबादला निघालात, तर जहीराबादला गाडी थांबवू नका. तिथून आत माचनूर आहे. आपलं मंगळवेढ्याचं नव्हे, तेलंगणातलं. 15 ऑक्टोबर 2008 ला तिथे संगम रेडिओ सुरू झाला, आणि तो चालवायला पुढे आल्या त्या भागातल्या दलित शेतकरी बायका, तेलुगूत, बी-बियाण्यांविषयी बोलत. आमदारांना ते ऐकू गेलं तर प्रश्न विचारतील. चहा संगारेड्डीत पाजा.