म्हणे निकाल आधीच लागलेला असतो

सकाळी शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर एकाने टाकलं, "आपल्या गावात मत काय द्यायचं, निकाल आधीच लागलेला असतो." त्यावर अकरा अंगठे. अकरा! त्यातल्या निम्म्यांची नावं अजून गावच्या यादीत आहेत, राहतात पुण्यात नाहीतर नाशकात, आणि मतदानाची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून फिरायला जातात. तिथे काही लिहिलं नाही, डोकंच फिरलं होतं. इथे लिहितेय.

20 नोव्हेंबर 2024, विधानसभा. माझी ड्युटी शेजारच्या तालुक्यातल्या अशाच एका छोट्या गावात. मतदान अधिकारी क्रमांक एक, म्हणजे यादी माझ्याकडे. नाव शोधायचं, ओळखपत्र बघायचं, नाव मोठ्याने वाचायचं, लाल पेनाने रेघ मारायची. दुपारी एक आजी आल्या, हातात काठी, बरोबर नातू. नाव काढलं तर त्यावर आधीच लाल रेघ. माझ्याच पेनाची.

सकाळच्या गर्दीत त्यांच्या नावावर दुसरंच कुणीतरी मत देऊन गेलं होतं. यादीतला फोटो पुसट, रांग दारापर्यंत, मी नीट बघितलं नाही. हे मी आजवर घरीसुद्धा धड सांगितलेलं नाही.

तर मुद्दा असा की नाव मोठ्याने वाचतात ते समोर बसलेल्या पोलिंग एजंटांसाठी. आम्ही परगावचे, आम्हाला कुठून चेहरे माहीत असणार. एजंट त्याच गावातला असतो, तो ओळखतो ही कोण ती कोण, खोटा माणूस आला की हरकत घेतो. पण त्या केंद्रावर एकाच बाजूचे एजंट होते. दुसऱ्या बाजूचा आलाच नाही. का, तर गाव "त्यांचं" आहे, निकाल ठरलेलाच आहे, दिवसभर बसून काय करायचं. तुमचं ते वाक्य आणि ती रिकामी खुर्ची, मला यात काहीच फरक दिसत नाही.

गाव अमक्याचं, गाव तमक्याचं. कुणी ठरवलं? जे रांगेत उभे राहिले त्यांनी. जे घरी बसले ते कुणाचे होते हे कुणी विचारायलाच गेलं नाही, आणि तेच लोक पाच वर्षं कट्ट्यावर बसून गावाच्या नावाने बोटं मोडतात. साकोलीला त्याच निवडणुकीत नाना पटोले 208 मतांनी निवडून आले, मालेगाव मध्यचा निकाल 162 मतांवर लागला. आपल्या एका गल्लीत एवढी मतं निघतील. पक्ष कुठलाही असू दे, मला त्याच्याशी घेणंदेणं नाही, पण ठरलेलं असतं हे कृपा करून सांगू नका.

हो, मान्य, यादीत नाव सापडत नाही, एका घरातली चार माणसं दोन केंद्रांवर जातात, आमच्या नगरपालिकेची निवडणूक 2016 नंतर थेट 2025 च्या डिसेंबरात झाली, मधली चार वर्षं प्रशासक, माणूस वैतागणारच. पण मग वैतागून या की रांगेत! आणि यायचंच नसेल तर फॉर्म 8 भरून नाव राहता तिथे हलवून घ्या. मोबाईलवरून होतं. गावात नसलेल्या माणसाचं नाव यादीत पडून असतं ना, त्यावर मत टाकायला कुणीतरी टपलेलं असतं.

आजींकडे परत येते, सकाळपासून त्याच डोळ्यासमोर आहेत.

अशा वेळी मशीनवर मत देता येत नाही. केंद्राध्यक्ष कागदाची मतपत्रिका देतात, सरकारी मराठीत प्रदत्त मत, सगळे टेंडर वोट म्हणतात. ती वेगळ्या पाकिटात ठेवतात आणि मतमोजणीत धरतच नाहीत, कोर्टात प्रकरण गेलं तरच तिचा विचार होतो. नातू कंटाळला होता, म्हणाला चल आजी, राहू दे. आजी म्हणाल्या, "तू जा." आडोशाला गेल्या, बराच वेळ लावला, शिक्का मारून कागदाची बारीक घडी घालून आणली. मग माझ्या टेबलापाशी थांबल्या. "बाई, मोजतील ना ओ हे?"

मी हो म्हणाले.

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि गेल्या. केंद्राध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं, बोलले काहीच नाहीत.

त्या घडीत शिक्का कुणासमोर होता मला माहीत नाही. गाव ज्यांचं म्हणतात त्यांच्याच चिन्हासमोर असेल, नाहीतर जो एजंटसुद्धा पाठवू शकला नाही त्याच्यासमोर असेल. निकाल लागला तेव्हा गाव कुणाचं याचे आकडे मी पेपरात वाचले. आजी त्यात नव्हत्या.