टेबलावर

दर बुधवारी संध्याकाळी साडेसातला आमचा अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर कॉल असतो. त्यांच्या हातात सकाळची पहिली कॉफी, आणि इकडे पुण्यात माझ्या पोटात कावळे. अशाच एका कॉलवर, तीन वर्षांत पहिल्यांदा, मी तोंड उघडून एक सूचना केली. पलीकडचे साहेब म्हणाले, "ग्रेट पॉइंट! लेट्स टेबल इट."

मी हवेत. 'अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात आला' हे वाक्य लहानपणापासून बातम्यांत ऐकलेलं. पटलावर म्हणजे टेबलावरच की! आता आपली सूचना चर्चेला येणार. आठवडाभर जागून चौदा स्लाइड केल्या. बुधवारी इस्त्रीचा शर्टही घातला. (खाली बर्मुडाच. ती कॅमेऱ्यात येत नाही.)

विषय निघालाच नाही. पुढच्या बुधवारीही नाही. तिसऱ्या बुधवारी लंडन ऑफिसच्या बाई कॉलवर होत्या, म्हणून धीर करून मीच विषय काढला. "ऑफ कोर्स, लेट्स टेबल इट!" बाई म्हणाल्या. "वुई ऑलरेडी टेबल्ड इट," साहेब म्हणाले. मग "तेच तर म्हणते, घ्या ना" आणि "तेच तर म्हणतो, नको ना" असं पाच मिनिटं इंग्रजीत चाललं. मी म्यूटवर.

रात्री शोधलं तेव्हा उलगडा झाला. टेबल करणं म्हणजे ब्रिटिशांच्या लेखी विषय चर्चेला घेणं, अमेरिकनांच्या लेखी बासनात गुंडाळणं. दुसऱ्या महायुद्धात याच शब्दावरून दोन्ही देशांच्या लष्करी अधिकाऱ्यांची चांगलीच जुंपली होती आणि बऱ्याच वेळानं कळलं की दोघांनाही हवं होतं ते एकच, असं खुद्द चर्चिलनं लिहून ठेवलंय. त्यांच्यापुढे निदान हिटलर होता. माझ्यापुढे रिपोर्टमधला एक जादा रकाना.

गावाकडच्या काकांना फोनवर हे सगळं सांगितलं. सात-बारावरच्या एका नोंदीसाठी त्यांनी कचेरीच्या बाकावर उभी हयात काढलीय. अमेरिकन अर्थ त्यांना समजवावा लागला नाही.

"टेबलावर आहे म्हणजे पडून आहे, त्यात नवीन काय? वजन ठेवलंस का त्यावर?"

"काका, अमेरिका आहे ती!"

"मग पौंडात ठेव. तिकडं किलो चालत नाही म्हणतात."